उशाशी बसलेली ती



आमच्या गटाच्या हजेरीवहीत एका मैत्रिणीच्या नावापुढे दीड वर्ष 'गैरहजर' असा शेरा पडत होता. तो शेरा मीच मारत होते. तिच्या नवऱ्याला मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि तो वाचला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. 'वाचला ना, सुटली बाई!' असं म्हणून आम्ही आपापल्या मोर्चा-शिबिरांत गुंतलो. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, तिचं काम तो वाचल्यावरच सुरू झालं होतं.

वरून धडधाकट दिसणारा हा माणूस गॅस बंद करायला विसरतो, तेच तेच विचारतो, रात्री उठून बाहेर निघतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरण्याची शक्तीही कमी होऊ शकते. भेटायला येणारे म्हणतात, 'चांगला तर दिसतोय!' तिचं शिवणकाम बंद पडलंय. सलग झोप नाही. अंगावरून जास्त जातं, तेही तिने डॉक्टरला दाखवलेलं नाही. दवाखान्यात जायचं, तर त्याच्याजवळ बसायचं कोणी?

निघताना ती हळूच म्हणाली, "ताई, तो कधीकधी हात उगारतो. सासरचे म्हणतात, आजारी आहे, सोस. तुम्ही म्हणाल, सोड. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. मला दोन्ही जमत नाही."

मी निरुत्तर झाले. मारहाण सहन करू नका, हे आपण गावोगाव सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण तिला तिसरी वाट दाखवायला आपल्याकडे काही नव्हतं. तो आजारी आहे म्हणून तिला लागलेला मार कमी दुखत नाही. कारण समजून घेणं वेगळं, सोसत राहणं वेगळं. त्याला उपचार हवेत, तिला सुरक्षितता हवी. या दोन्हींचं ओझं तिच्या एकटीवर का?

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत, 15 ते 59 वयाच्या, घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज 140 मिनिटं देतात आणि पुरुष 74. या कामाला मोल नाही असंही नाही. 2007 च्या अपघातात मेंदूला इजा झालेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन मदतनिसांचे महिना 10,000 रुपये धरून 21 लाख 60 हजार मंजूर केले. तेच काम घरची बाई करते तेव्हा मात्र त्याची 'सेवा' होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बिनपगारी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांची दखल आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. पण त्यातल्या 21 अपंगत्वांच्या यादीत मेंदूच्या इजेचं स्वतंत्र नाव नाही. ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर आम्ही एवढं ठरवलंय: आठवड्यातून दोन दुपारी दोघी-दोघी जाऊन त्याच्याजवळ बसायचं, आणि त्याच्या भावांनाही पाळी लावायची. पहिल्या दुपारी ती दवाखान्यात जाऊन आली. दुसऱ्या दुपारी नुसती झोपली.

तुमच्याही हजेरीवहीतली 'गैरहजर' नावं एकदा काढून बघा. आणि घरी गेलात की रुग्णाच्या आधी तिला विचारा, 'तू कशी आहेस?'

— संपादक