रणगाड्यावरील धूळ

नवी वस्तु घरांत आली कीं तिच्यावर ओरखडा उमटूं नये म्हणून जपावें, हा आमच्या पिढीचा संस्कार. म्हणून दिवाळीच्या सुट्टींत तीन आठवडे खपून उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या रणगाड्यावर आमचा नातू स्वतःच्या हातानें माती फांसूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास चांगलेंच फैलावर घेतलें. तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, खरं काम तर आतां सुरू होतंय."

रणगाडा ब्रिटिश बनावटीचा, 'सेंच्युरियन' नांवाचा; आपल्या सैन्यानें १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत वापरलेला. प्रतिकृति पस्तिसास एक या प्रमाणाची. म्हणजे पन्नास टनांहून जड असें तें धूड, तोफेची नळी सोडल्यास, वीतभर लांबीचें झालेलें. हें पस्तिसाचें प्रमाण कोणा गणित्यानें ठरविलें नाहीं. तामिया या जपानी कंपनीनें १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली. आंत मोटर व बॅटरी मावतील एवढें तिचें आकारमान घेतलें, मागाहून मोजलें तों हें प्रमाण निघालें, आणि पुढें तेंच रूढ झालें. शास्त्रापेक्षां रूढि बळकट, हें येथेंहि खरें!

जोडकाम व हिरवा रंग यांविषयीं फारसें सांगण्याजोगें नाहीं. मौज आहे ती पुढें. प्रथम चकचकीत वार्निशाचा हात, कारण खरबरीत रंगावर अंकांचे व चिन्हांचे कागद चिकटविले कीं खालीं हवा राहून ते पांढरट दिसतात. मग गडद तपकिरी तैलरंग थिनरमध्यें पाण्यासारखा पातळ करून खिळ्यांच्या व सांध्यांच्या कडेस नुसता टेंकवावयाचा. तो आपोआप खांचेंतून धांवतो. खालचा रंग ॲक्रिलिकचा असल्यामुळें या थिनरानें विरघळत नाहीं. चाकांच्या दांत्यांवर शिसपेन्सिलीचा चुरा बोटानें घासला कीं घासलेल्या पोलादाची झांक येते. धुळीसाठीं मात्र त्यानें आमच्या तुळशीवृंदावनांतील माती वाळवून, आजीच्या जुन्या साडीच्या तुकड्यांतून वस्त्रगाळ केली. तीहि कां, तर एक मिलिमीटरचा खडा या रणगाड्याशेजारीं साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा होतो! (साडी जुनी होती कीं नाहीं, याविषयीं घरांत अद्याप मतभेद आहे.)

आमचें मत हळूहळू पालटलें, तें त्याच्या एका नियमामुळें: कारण सांगतां आल्याशिवाय डाग द्यावयाचा नाहीं. झांकणाच्या कडेचा रंग उडाला, कारण माणसें तेथूनच चढतात व उतरतात. धुराड्यावर तांबेरा, कारण तेथें उष्णतेनें रंग टिकत नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान आम्हीं चाळीस वर्षें फळ्यावर शिकविलें. येथें तेंच उलट्या क्रमानें चाललें होतें. तेव्हां आम्हींहि परीक्षक झालों. बुरुजाच्या मधोमध एक तांबेऱ्याचा ओघळ दिसला. "येथें कारण काय?" तो क्षणभर थांबला, आणि त्यानें तो मुकाट्यानें पुसला.

पूर्वीं अहमदनगर व आतां अहिल्यानगर म्हणविणाऱ्या शहरांत १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें आम्ही त्यास घेऊन गेलों. तेथील रणगाडे धुवून, रंगवून उभे केलेले. नातू निराश झाला, म्हणाला, "यांच्यावर कांहीं लिहिलेलंच नाहीं."

तेथून परतल्यावर त्यानें बुरुजावर एक भोंक पाडलें व भोंवतीं काजळी धरली. बसंतर नदीच्या लढाईंत १६ डिसेंबर १९७१ रोजीं पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनीं जळत असलेला सेंच्युरियन सोडण्यास नकार दिला व एकविसाव्या वर्षीं देह ठेवला; त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. तें वाचून त्याच्या डोक्यांत हें आलें होतें.

शेजारचे दफेदार त्याच सुमारास त्याच आघाडीवर रणगाडा हांकीत होते. ते सहज आले असतां मुलानें प्रतिकृति त्यांच्या पुढ्यांत ठेवली. त्यांनीं ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"माती तांबडी लावलीस बाळा. तिकडची भुरी असती. आन् वळकट्या कुठं हायत? पान्याचं डबं? चौघांचं घर असतंय ते." मग भोंकावर बोट ठेवून त्यांनीं विचारलें, "ह्यो गोळा लागला तवां आत कोन कोन होतं?"

मुलास उत्तर देतां येईना. आम्हांसहि येईना. दफेदारांनीं चहा घेतला, पावसाच्या गोष्टी केल्या व ते गेले.

त्या रात्रीं नातवानें भोंक पुटीनें बुजविलें, वाळल्यावर घासलें व त्यावर पुन्हां हिरवा रंग चढविला. दुसऱ्या दिवशीं कागदी रुमाल डिंकांत भिजवून त्यानें चार वळकट्या केल्या व बुरुजाच्या मागें बांधल्या. भुरी माती कोठें मिळेल, याची चौकशी आतां आमच्याकडे आहे.