इमल्सिफायरची भीती, स्टेरॉइडची नाही?
क्रीममधल्या इमल्सिफायरमुळे मुरुमं येतात का, असं हल्ली पोरी इनबॉक्समध्ये विचारतात. इमल्सिफायर म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक. तो रंध्रं बुजवतो म्हणणाऱ्या ज्या याद्या मोबाईलवर फिरतात, त्यांचं मूळ सशाच्या कानावरच्या जुन्या चाचण्यांत आहे. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा लवकर बिथरतो. शिवाय आपल्या ट्यूबमध्ये हा घटक थोडासाच असतो. एखादीला त्रास होतही असेल, नाही असं नाही. क्रीम बंद करून काही आठवडे बघा, कळेल.

पण खरी गोम वेगळीच आहे. गोरं व्हायला मेडिकलमधून सर्रास आणतो ती ट्यूब! तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल लिहिलंय का, वाचलंत कधी? या स्टेरॉइडनं मुरुमं येतात, कातडी पातळ होते, आणि लावणं थांबवलं की चेहरा लालभडक. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. आपल्या बाजारपेठेत चिठ्ठी मागतं कोण? अन्न व औषध प्रशासनाच्या साहेबांनी एकदा साधं गिऱ्हाईक बनून यावं आणि काउंटरवर ट्यूब मागून बघावी.