एफ-वन २०२६: गेल्या वर्षीचा गुणतक्ता यंदा का चालणार नाही?

८ मार्चला मेलबर्नमध्ये फॉर्म्युला वनचा नवा सीझन सुरू होतोय. २०२५ मध्ये लँडो नॉरिसने मॅक्स व्हर्स्टॅपनला अवघ्या २ गुणांनी मागे टाकलं. मग यंदाही मॅकलारेनच? इतकं सोपं नाही, कारण गाडीच नवी आहे.

विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून थेट ३५० वर गेलीय. म्हणजे जवळपास निम्मा जोर बॅटरीचा. सरळ रस्त्यावर ती रिकामी झाली, की मागचा सहज पुढे जाणार. डीआरएसही गेलं.

२०१४ मध्ये इंजिनाचे नियम असेच बदलले, तेव्हा मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. त्याआधी सलग चार वर्षं चॅम्पियन असलेल्या रेड बुलला मिळाल्या फक्त ३. यंदाही बहुतेकांची पसंती मर्सिडीजलाच आहे. मॅकलारेनकडेही तेच इंजिन आहे, पण त्यावर फार विसंबू नये: २०१४ मध्येही होतं, आणि शर्यत एकही जिंकली नव्हती.

खरा जुगार रेड बुलचा. फोर्डच्या साथीने ते पहिल्यांदाच स्वतःचं इंजिन उतरवतायत. ते फसलं, तर व्हर्स्टॅपन तरी काय करणार? ऑडी आणि कॅडिलॅक या नवख्यांना मात्र पहिल्या वर्षी गुण मिळाले तरी पुष्कळ.