आधी ओळ, मग चौकट
पानाची मांडणी शिकायची तर योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांचं ग्रिडवरचं १९८१ सालचं पुस्तक हाताशी हवंच. जर्मन आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी, आणि सांगितलेली शिस्त त्याच पानांवर पाळलेली! आठ, वीस, बत्तीस चौकटींत चित्रं कशी बसतात, हे बघता बघता नजर तयार होते. मराठीसाठी मात्र त्यातली मापं जशीच्या तशी उचलू नयेत. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार. ओळींत पुरेसं अंतर नसेल तर ‘मूर्ती’चा रफार वरच्या ओळीतल्या ‘कृपे’ला जाऊन भिडतो. दिवाळी अंक काढणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक चाळावं, पण पट्टी-पेन्सिल घेऊन आधी ओळींमधलं अंतर पक्कं करावं. चौकटीची उंची त्यावरूनच ठरते.