हुलाला शब्द असतात

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये ‘हवाईयन नाइट’ होती. गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचे हार, कमरेला क्रेप पेपरच्या झिरमिळ्या आणि स्पीकरवर चक्क स्पॅनिश गाणं! कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही, मी तर सेल्फी काढण्यात सगळ्यात पुढे होते. नंतर एका असाइनमेंटसाठी हवाईच्या संगीताबद्दल वाचायला घेतलं आणि तो फोटो गुपचूप इन्स्टावरून उडवला.

हुला म्हणजे कंबर हलवणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं ना? पण हुलात आधी येतं काव्य, त्याला तिथे ‘मेले’ म्हणतात. नाच त्याच्यामागून. पाऊस, लाट, डोंगर, एखाद्या राणीचं कौतुक, जे शब्दांत असेल ते हात दाखवतात. हवाईयन भाषा लिहिली जाऊ लागली ती १८२० नंतर, मिशनरी आल्यावर. त्याआधीच्या वंशावळी, देवांच्या गोष्टी, सगळं पाठांतरात आणि नाचात. म्हणजे ही त्यांची लायब्ररीच होती म्हणा.

ती बंद पाडायचा प्रयत्नही झाला. ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने १८३० मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी घातली. पुढे राजा कालाकाऊआने १८८३ मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकात सगळ्यांसमोर हुला करवला, तेव्हा मिशनरी मंडळींचा भरपूर जळफळाट झाला. पण १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन राजसत्ताच उलथवली, आणि १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजी झाल्या. वर्गात हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा. ज्या नाचाचा जीव शब्दांत, त्याची भाषाच काढून घेतली. मग उरलं काय? कंबर!

तीच पुढे टुरिस्टांना विकली गेली. वाइकिकीला १९३७ पासून ‘कोडॅक हुला शो’ चालायचा, पाहुण्यांना फोटो नीट काढता यावेत म्हणून. तो थेट २००२ पर्यंत चालला. आणि तो फेमस गवताचा घागरा मूळचा हवाईचा नाहीच, तो गिल्बर्ट बेटांवरून आला. हवाईत कापडासारखी कुटलेली झाडाची साल किंवा ‘ती’ नावाच्या झाडाची पानं असायची.

आता कुणी म्हणेल, मग काय, जुनं तेच खरं? अजिबात नाही. युकुलेले तरी कुठे हवाईचं आहे? १८७९ मध्ये मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरीला आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या गिटारीपासून ते बनलं. भोपळ्याच्या आणि ढोलाच्या तालावरचा जुना हुला ‘काहिको’, युकुलेले-गिटारवरचा नवा ‘आउआना’. दोन्हीत शब्द कळल्याशिवाय हात हलत नाहीत.

उसनं आपणही घेतलंय. तारांवर धातूची पट्टी सरकवत गिटार वाजवणं जोसेफ केकुकू या हवाईच्या शाळकरी मुलाने सुरू केलं असं मानतात. १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाईयन कलाकार कोलकात्यात राहून वाजवत होते. मग व्हॅन शिपली यांनी ही गिटार मुंबईच्या सिनेसंगीतात गाजवली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकाच. याला म्हणतात घेणं! वर्षानुवर्षं रियाझ करून, आपलं काहीतरी त्यात ओतून. झिरमिळ्यांचं तसं नाही.

इस्राएल कामाकाविवोओलेचं युकुलेलेवरचं इंद्रधनुष्याचं गाणं तुमच्या रील्सवर हमखास येऊन गेलं असेल. १९९३ च्या त्याच अल्बममध्ये ‘हवाई ७८’ आहे. आपले जुने राजे-राण्या आजची ही भूमी बघून काय म्हणतील, असं तो त्यात विचारतो. त्यावर रील कुणी करत नाही.

१९७८ मध्ये हवाईयन पुन्हा तिथली अधिकृत भाषा झाली. हिलो गावात दरवर्षी ईस्टरच्या सुमारास ‘मेरी मोनार्क’ महोत्सव भरतो, कालाकाऊआच्याच टोपणनावाने. त्याचे व्हिडिओ नेटवर सापडतात. आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाज लावून बघा.

परवा फेस्टच्या मीटिंगमध्ये पुन्हा ‘हवाईयन नाइट’ निघाली. मी म्हटलं, करू या की, पण हारांचं बजेट कापून गाण्यांचा अर्थ स्क्रीनवर दाखवू. कमिटी ‘बघू’ म्हणाली आहे.