आंदळकर विरुद्ध आजचा पैलवान: कुस्ती जरूर लावा, पण आधी आखाडा सांगा



आमच्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर एक जुना बाकडा आहे. रविवारी सकाळी तिथे गिऱ्हाइकं कमी आणि गप्पा जास्त असतात. आपला रायगडचा किनारा म्हणजे कबड्डीचा मुलूख, कुस्ती घाटावरची. पण बाकड्यावर कराडकडचे एक काका येतात. एसटीतून रिटायर झाले आणि इथेच स्थायिक झाले. ते आले की विषय कुस्तीचाच.

परवा त्यांची आणि जिमला जाणाऱ्या एका पोराची चांगलीच जुंपली. पोरगं मोबाईलवर मोहम्मद अली विरुद्ध माईक टायसन, कोण जिंकलं असतं, असला व्हिडिओ बघत होतं. काका म्हणाले, "ते सोड. आमचे गणपतराव आंदळकर आज मैदानात असते ना, तर तुमचे हे गादीवरचे पैलवान दोन मिनिटांत अस्मान बघून आले असते." पोरगं म्हणालं, "काका, आजच्या पैलवानाने त्यांना हातसुद्धा लावू दिला नसता. सहा मिनिटांत पॉइंटवर खेळ खल्लास."

दोघांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही ट्रेनिंग देता ना? मग द्या निकाल."

मी तेव्हा हसून विषय टाळला. पण तो डोक्यातून गेला नाही, कारण अशीच एक कुस्ती मी स्वतः दहा वर्षं लढतेय: माझे बाबा विरुद्ध मी. तुमच्यापैकी ज्यांनी घरचं दुकान हातात घेतलंय, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. म्हणून आज निकाल देतेच.

कॉम्प्युटरने लावलेली कुस्ती

आधी बॉक्सिंगची गोष्ट. जो मेळ कधी बसूच शकत नाही, तो बसवायचा नाद जगभर आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या रेडिओवाल्याने वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट चॅम्पियनांची माहिती कॉम्प्युटरला दिली आणि रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली. त्यात रॉकी मार्सियानो जिंकला. अली तर जुन्या काळातल्या जेम्स जेफ्रीजकडून हरला असं दाखवलं. अली इतका चिडला की त्याने दावा ठोकला.

पुढे तडजोड झाली आणि १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो खरोखर रिंगमध्ये उतरले, पण कॅमेऱ्यासाठी. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट एकापेक्षा जास्त चित्रित केले आणि कुठला दाखवणार हे दोघांनाही सांगितलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत सिनेमा लागला, त्यात मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट केलं होतं.

यातून कोण मोठा ते कळलं का? माझ्या मते नाही. कॉम्प्युटरला जे खायला घातलं तेच त्याने बाहेर काढलं. कुठल्या गोष्टीला किती मार्क द्यायचे हे माणसांनीच ठरवलं होतं. काका आणि ते पोरगं तरी वेगळं काय करत होते? काकांनी मनात लाल माती धरली होती, पोराने गादी. आखाडा आधीच निवडला की निकाल त्यातच येतो.

एकच जोडी, दोन निकाल

माणसं तीच असली तरी निकाल बदलतो, याचा पुरावा आपल्या कुस्तीतच आहे. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को बचाव घेऊन खाली पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला तरी निकाल लागला नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा लढत ठरली, तिला झिबिस्को आलाच नाही. मग १९२८ मध्ये पटियालाला हीच जोडी परत भिडली. या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केलं.

लंडनची कुस्ती बघून कोणी म्हणालं असतं, "दोघं तुल्यबळ आहेत." पटियालाची बघणारा म्हणाला असता, "जोडच नाही!" आता सांगा, कोणाचं खरं?

म्हणून मला वाटतं, असली काल्पनिक कुस्ती लावण्याआधी तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला: आखाडा कुठला? तेल, ताक, हळद घालून मळलेल्या लाल मातीत पाय रुततो, तिथे ताकद आणि दम लागतो. गादीवर पाय सटकन फिरतो, तिथे चपळाई लागते.

दुसरा: नियम कुठला? जुनी निकाली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंत. तास गेला तरी चालेल, पाठ लागली तरच हार. आजच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. नुसता बचाव करत बसलात तर उलट तुमचंच नुकसान.

तिसरा: माणूस कुठला? कुठल्या वयाचा, किती वजनाचा? खाशाबा जाधव हेलसिंकीला ५७ किलो गटात खेळले. आज ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचा सगळ्यात वरचा गट १२५ किलोचा आहे. त्या पैलवानासमोर खाशाबांना उभं करून "बघा, जुने कमी पडले" म्हणणं याला काही अर्थ नाही.

माझी कुस्ती

आता दुकानाकडे येते. बाबांच्या काळात आमचं अर्धं दुकान कोळीवाड्यावर चालायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. त्या दोन महिन्यांत होड्यांची डागडुजी व्हायची. खिळे, रंग, दोर, सगळं उधारीवर. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की पैसे सुरू व्हायचे आणि दिवाळीपर्यंत वही कोरी. बाबांनी फारशी उधारी बुडू दिली नाही. गावात नाव झालं ते त्यामुळेच.

मी बीबीए करून आले, दुकानात बसले आणि माझ्या डोक्यात एकच होतं: बाबांसारखं चालवायचं. कोणी ना कोणी रोज ऐकवायचं, "तुझे बाबा असते ना गल्ल्यावर, तर..." बाबा मागे घरात चहा पीत असायचे, तरी लोक "असते तर" म्हणायचे!

मग २०२० आलं. मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली. लगेच लॉकडाऊन लागला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे पत्रे, कौलं, माड, सुपारीच्या वाड्या, सगळं झोपवून गेलं. पुढच्या दोन वर्षांत मुंबईच्या गाड्या थेट बोटीतून मांडव्याला उतरायला लागल्या आणि आजूबाजूला बंगल्यांची कामं निघाली. माझ्याकडे एका बंगल्याच्या कामाचा ठेकेदार आला. गोड बोलणारा, माल भरपूर उचलणारा. पहिली दोन बिलं त्याने वेळेवर दिली. मी बाबांचा डाव टाकला: "घेऊन जा, काम झाल्यावर द्या."

काम झालं आणि ठेकेदार गेला. एक लाख ऐंशी हजार रुपये. फोन आधी लागायचा, मग लागेनासा झाला.

रात्री मी बाबांना म्हटलं, "तुम्हीपण उधारी देत होतात. तुमची कशी वसूल झाली?" बाबांनी एवढंच विचारलं, "त्याचं घर बघितलं होतंस का?"

मी गप्प. बाबांना प्रत्येक गिऱ्हाइकाचं घर माहीत होतं. बायकापोरं माहीत होती, होडी कुठली तेही माहीत होतं. त्यांची उधारी त्या ओळखीवर उभी होती. मी त्यातली नुसती उधारी उचलली, ओळख घ्यायची राहूनच गेली. मातीतला डाव गादीवर टाकला आणि माझीच पाठ लागली.

म्हणून "बाबांनी दुकान जास्त चांगलं चालवलं की मी?" हा प्रश्न मी आता तसाच्या तसा घेतच नाही. त्यांच्या वेळी जीएसटी नव्हता, यूपीआय नव्हतं, घरबसल्या मोबाईलवर भाव बघणारं गिऱ्हाईक नव्हतं. आणि माझ्या वेळी नारळी पौर्णिमेला वही कोरी करणारं गिऱ्हाईक कमी उरलंय. ते माझ्या आखाड्यात धडपडले असते, मी त्यांच्या आखाड्यात धडपडले असते.

हे सगळं का सांगतेय? मागच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. वर्ग संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, याच गाळ्यात पप्पांनी माझ्या तीन बहिणींची लग्नं केली. मला भाडं निघत नाही. माझ्यातच दम नाही, दुकान देऊन टाकतो." कदाचित दुकान द्यावंही लागेल, तो हिशेबाचा प्रश्न आहे. पण "माझ्यात दम नाही" हा निकाल त्याने लावला कुठल्या आखाड्यावर? त्याने वडिलांचा काळ आणि स्वतःचा काळ एकाच तराजूत टाकला होता. दुकान बंद करायचं तर आजचे आकडे बघून करा. न झालेल्या कुस्तीत हरलात म्हणून करू नका.

मग निकाल काय?

काका, तुमच्यासाठी: लाल माती, वेळेचं बंधन नाही, चितपट हाच निकाल, तर माझा पैसा आंदळकरांवर. १९६० चे हिंदकेसरी ते. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मात्र माती नव्हती, मॅट होती. तिथे ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणलं त्यांनी. म्हणजे जुना पैलवान गादीवर टिकणार नाही, हेही खरं नाही.

पोरा, तुझ्यासाठी: उद्या सकाळी, आजचे नियम, सहा मिनिटं, काही तयारी न देता, तर माझा पैसा आजच्या पैलवानावर. तो रोज त्याच घड्याळावर सराव करतो.

पण मला खरी बघायची आहे ती तिसरी कुस्ती. दोघांनाही एक वर्ष द्या. जुन्याला गादी द्या, नव्याला माती द्या, मग लावा. तेव्हा जो लवकर शिकेल तो जिंकेल.

हे मी हवेत बोलत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम नवीन होते. सहावे आले. परत येऊन "आमच्या मातीत या, मग दाखवतो" म्हणत बसले नाहीत. नव्या नियमांची तयारी केली. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ ला कांस्य पदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यातही एक सल राहिली. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपला कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या खाशाबांना लगेच पुढची कुस्ती खेळावी लागली. डाव येऊन भागत नाही, नियम माहीत असलेला माणूस सोबत लागतो. जीएसटीची नोटीस आल्यावर सीए शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आपली महाराष्ट्र केसरी बघा. एका बाजूने मातीचा विजेता येतो, दुसऱ्या बाजूने गादीचा, आणि शेवटची कुस्ती त्या दोघांत होते. जानेवारी २०२० ला पुण्यात हर्षवर्धन सदगीर ३-२ ने जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेश शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतलं. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. माती आणि गादी एकाच वस्तादाकडे शिकता येते, हे त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं.

तुमच्यासाठी काम

एक वही घ्या. वडिलांचं किंवा ज्यांच्याशी तुमची तुलना होते त्यांचं नाव एका बाजूला लिहा, स्वतःचं दुसऱ्या बाजूला. खाली तीन ओळी: आखाडा, नियम, माणूस. गिऱ्हाईक कोण, पैसे कसे यायचे, स्पर्धा कोणाशी, घरातले किती हात मदतीला. मग त्यांच्या प्रत्येक डावापुढे लिहा: हा डाव कशाच्या जोरावर चालायचा? तो जोर आज माझ्याकडे आहे का? असेल तर डाव घ्या. नसेल तर आधी जोर तयार करा.

मी काय केलं? आमच्याकडे उधारी आजही मिळते, पण घर आणि कामाची जागा बघितल्याशिवाय नाही. ती बघायला बाबा जातात. परवा एका नव्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आले आणि म्हणाले, "दे. माणूस बरा आहे. पण आधी अर्धे यूपीआयवर घे."

बाकड्यावरच्या काकांना हा निकाल वाचून दाखवला. ते म्हणाले, "एक वर्ष कशाला? आंदळकरांना सहा महिने पुरले असते."

चालेल काका. पण शिकायला लागलंच असतं, एवढं तरी मान्य केलंत!