परवानगी बनावट, कर्ज मात्र खरे

देशात मोठ्या संख्येने हातांना काम देणारे क्षेत्र बांधकामाचे. सिमेंट, पोलाद, वाहतूक, गृहकर्जे, सगळे त्यावर चालते. पण कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. महारेराचा क्रमांक पाहून, कर्ज काढून घर घेणाऱ्या कुटुंबाने आणखी काय तपासायचे होते? महारेराने परवानगीची प्रत विकासकाच्या हातून घेऊन भागणार नाही. ती थेट महापालिकेकडूनच पडताळली पाहिजे. या कुटुंबांची भरपाई फसवणाऱ्यांच्या मालमत्तेतून वसूल व्हावी.

इमारती बांधणाऱ्या मजुरांचे हाल तर वेगळेच. शिळफाट्याला २०१३ मध्ये अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण गेले. ठाण्यात बाळकुमला २०२३ मध्ये लिफ्ट कोसळून सात कामगार. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. मात्र लाभासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभे राहून काम शोधणाऱ्या, रोज मालक बदलणाऱ्या नाका कामगाराला तो कोण देणार? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी सकाळी नाक्यावरच नोंदणीचे टेबल मांडावे.